पोरगी मशिनवर जायचं म्हणते: आयटीआय, डिप्लोमा की अकरावी सायन्स?

फलटणजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलीला दहावीला ८१ टक्के, गणितात ८४, शाळा मराठी माध्यमाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथ (धातू गोल कातायचं मशिन) चालताना बघितला आणि तेव्हापासून "मला हेच शिकायचं" म्हणते. घरातले बाकी सगळे म्हणतात अकरावी सायन्स घे, सीईटी दे, इंजिनिअर हो. वडिलांचे प्रश्न तीन. आयटीआय केलं तर पुढचं शिक्षण कायमचं बंद होतं का? सुरुवातीला हातात काय पडेल? आणि मुलीनं मशिन शॉपमध्ये काम करणं कितपत बरं?

मी स्वतः आयटीआय टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा. अप्रेंटिस म्हणून सुरुवात केली, पुढं नोकरी करता करता डिप्लोमा केला. गेली २९ वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात आहे, त्यातली शेवटची १२ वर्षं पोरं निवडण्यात आणि शिकवण्यात गेली. त्यामुळे जे लिहितो ते भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवरून दिसणारं आहे. कॉलेजच्या प्राध्यापकाला विचाराल तर तो कदाचित वेगळं सांगेल.

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची निम्मी भीती त्यातूनच आलेली दिसते. शिक्षण बंद होत नाही. कागदावर हिशेब मांडा. अकरावी-बारावी २ वर्षं आणि इंजिनिअरिंग ४, झाली ६. दहावीनंतर थेट डिप्लोमा ३ वर्षं, त्यानंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, तिथली ३, तीही ६. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआयचा ट्रेड केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं: २ आणि २ चार, पुढं डिग्री करायचीच म्हटली तर आणखी ३, म्हणजे ७. मध्ये वर्षभर अप्रेंटिसशिप धरली तर ८. सगळ्यात लांबची वाट धरली तरी दोन वर्षं जास्त लागतात, आणि त्यातल्या एका वर्षी पोरगी घरी पैसे आणते. "आयटीआय म्हणजे शेवट" हे आमच्या आधीच्या पिढीचं म्हणणं आहे. तेव्हा ते बऱ्यापैकी खरंही होतं.

एक बारीक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. दहावीला पंधरा पूर्ण असलेलं पोरगं सतराव्या वर्षी आयटीआय संपवतं, आणि बऱ्याच कंपन्या १८ पूर्ण झाल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. मग सहा-आठ महिने घरी बसणं होतं, हातची सवय जाते. मुलीची जन्मतारीख बघून हा हिशेब आत्ताच करून ठेवा. मधला वेळ रिकामा जाणार असेल तर ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्ससारखं संगणकावर ड्रॉइंग काढायचं काहीतरी त्यात बसवता येतं.

आता माझी पसंती सांगतो. ८१ टक्के आहेत, गणित बरं आहे, आणि पोरीचा ओढा खरंच मशिनकडं आहे. अशा मुलीसाठी मी सगळ्यात आधी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमचं नाव घेईन. तिथं दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. प्रवेश परीक्षा असते, घर सोडून राहावं लागतं, पण तिथून आलेल्या पोराच्या हाताला आणि डोळ्याला वळण असतं हे मी अनेकदा बघितलंय. ते नाही जमलं तर शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा. तुम्हाला कराड जवळ, पुण्यात गणेशखिंडचं आहे. त्याखालोखाल आयटीआय: मशिनिस्ट, टर्नर किंवा टूल अँड डाय मेकर. जागा फिटरच्या भरपूर असतात म्हणून समुपदेशनाला गेलेल्या पोरांना फिटर घे म्हणतात. फिटर वाईट नाही, मेंटेनन्सला तर सोन्यासारखा, पण हिला मशिनवर कातकाम करायचं असेल तर ट्रेड बदलून घेऊ नका. अकरावी सायन्स मी शेवटी ठेवतो. सायन्स वाईट आहे असं नाही. पण तिला त्यातलं काय आवडतं हे तुमच्या पत्रात कुठंच आलेलं नाही.

डिप्लोमा वर आणि आयटीआय खाली का ठेवलं, त्याचं कारण कामाच्या दर्जात नाही, कंपन्यांच्या कागदात आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत आयटीआयवाला ऑपरेटर किंवा टेक्निशियन म्हणून लागतो, डिप्लोमावाला ट्रेनी इंजिनिअर किंवा सुपरवायझर म्हणून. पुढं दहा वर्षांनी आयटीआयवाला कामात सरस असला तरी ग्रेडच्या भिंतीला अडकतो. मी स्वतः अडकलो होतो. म्हणून ३१व्या वर्षी, घरात लहान पोर असताना, संध्याकाळचे वर्ग करून डिप्लोमा काढला. पोरीला ते आत्ताच करता येत असेल तर आत्ताच करू दे.

पण डिप्लोमाच्या पोरांची एक मोठी अडचण आहे: हात कोरे असतात. सहा सेमिस्टर, त्यात वर्कशॉपचे थोडेच तास, एका लेथभोवती आठ जण, त्यातला एक हँडल फिरवतो आणि सात जण जर्नल लिहितात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं पहिलं वर्ष तर इंग्रजी पुस्तकं आणि अप्लाइड मॅथ्स यांच्याशी झुंजण्यातच जातं. दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले की पोर घाबरतं. पहिल्या वर्षाला केटी लागली म्हणून आभाळ कोसळत नाही, हे घरच्यांनी आधीच ठरवून ठेवावं. आणि दर सुट्टीत, अगदी दर सुट्टीत, मामाच्या वर्कशॉपमध्ये तिला पाठवा. चहा आणायला नव्हे. मामाला सांगा, हिला जॉब, म्हणजे कातायचा तुकडा दे आणि बिघडवू दे.

हे बिघडवणं जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते कोर्सच्या नावापेक्षा तेच महत्त्वाचं आहे.

माझं अप्रेंटिसशिपनंतरचं पहिलं वर्ष. एका छोट्या कंपनीत लेथवर फ्लॅंज कातत होतो. बाहेरचा व्यास ८० एच ७. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथं एच लहान लिपीतला असतो, तो शाफ्टचा, म्हणजे बाहेरच्या मापाचा. म्हणजे माप ८०.००० पेक्षा वर जायचं नाही आणि ७९.९७० च्या खाली उतरायचं नाही. खेळायला ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोक्याचा केस त्याच्या दुप्पट जाड असतो. मी मशिनवरनं काढलेला जॉब गरम असतानाच मायक्रोमीटर लावत होतो. माप येत होतं ७९.९९०. खूश. ओळीने ४० नग काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीवाल्यानं थंड झालेले नग मोजले तर सगळे ७९.९६७ च्या आसपास. सगळेच्या सगळे भंगारात. लोखंड एक अंश तापलं तर मीटरला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ८० मिलिमीटरचा नग २५ अंशांनी गरम असला की २३ मायक्रॉन फुगलेला असतो. हे आयटीआयच्या वर्कशॉप सायन्सच्या पुस्तकात होतं. परीक्षेत लिहूनही आलो होतो. कळलं मात्र त्या ४० नगांच्या ढिगासमोर उभं राहून.

फोरमननं शिव्या दिल्या, पण दुसऱ्या दिवशी परत त्याच जॉबवर उभं केलं. तो माणूस नसता तर मी आज हे लिहायला नसतो. आजकालच्या बऱ्याच कारखान्यांत हे होत नाही, आणि नव्या पोरांचं खरं नुकसान तिथंच होतं. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनवर पोरगं उभं केलं जातं. त्याचं काम काय? दार उघडायचं, तयार जॉब काढायचा, नवा चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) धरायचा, हिरवं बटण दाबायचं. प्रोग्रॅम दुसऱ्याचा, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) सेटर, म्हणजे मशिन लावून देणारा माणूस टाकणार, इन्सर्ट (कातणारं टोक) तोच बदलणार. पोराला ऑफसेटच्या पानाला हात लावायची परवानगी नाही. अशी तीन वर्षं काढली की बायोडेटावर "सीएनसी ऑपरेटर, ३ वर्षे अनुभव" लिहिता येतं. माझ्यासमोर येतं तेव्हा मी विचारतो: बोअर (आतलं भोक) २० मायक्रॉन लहान येतोय, काय करशील? गप्प. तीन वर्षांत त्याला तो प्रश्न कधी पडूच दिलेला नसतो.

म्हणून पहिली नोकरी बघताना पगाराच्या आकड्याआधी हे विचारायचं: मला सेटिंग करायला केव्हा देणार? पहिला नग पास करून घ्यायला कोण जातं, मी की सेटर? मोठ्या कंपनीचं नाव, एसी बस आणि कॅंटीन सोडून वीस माणसांच्या जॉब शॉपमध्ये, म्हणजे बाहेरची कामं घेणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये जायला सांगितलं की पोरं माझ्याकडं वेड्यासारखं बघतात. पण तिथं सकाळी लेथ, दुपारी मिलिंग, संध्याकाळी ग्राइंडिंग, आणि मालक स्वतः येऊन मान पकडून शिकवतो. दोन वर्षं तिथं, मग मोठ्या कंपनीत, असा क्रम मला जास्त पटतो. यालाही अपवाद आहेत. काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे ट्रेनिंग सेंटर फार चांगले आहेत, तिथं अप्रेंटिस म्हणून नंबर लागला तर सोडू नये.

आता पैशांचं. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली येते. त्यात मिळतं ते विद्यावेतन, पगार नाही. २०१९ च्या नियमांत किमान आकडे ठरले ते असे: आयटीआय झालेल्याला महिना ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला ९,०००. हे किमान झालं, चांगल्या कंपन्या जास्त देतात. फॉर्म भरायच्या वेळी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर चालू दर बघून घ्या. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, त्यामुळे जागा असतात. पण अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, त्याला पीएफ लागू नाही, आणि वर्ष संपल्यावर कंपनीनं कायम करावंच असंही नाही. हे समजून जायचं. वर्षाच्या शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं, आणि तो कागद जन्मभर उपयोगी पडतो.

इथं एक फसवणूक चालते. "ट्रेनी" नावाखाली ठेकेदार पोरं भरतात. काम ऑपरेटरचं, पैसे अप्रेंटिसच्या आसपास, आणि शेवटी प्रमाणपत्र नाहीच. सही करायच्या आधी एकच विचारा: माझं अप्रेंटिसशिप कॉन्ट्रॅक्ट सरकारी पोर्टलवर नोंदलं जाणार का? "बघू", "होईल नंतर" असं उत्तर आलं तर उठून यायचं. तसंच "४५ दिवसांत सीएनसी प्रोग्रॅमर" वाल्या क्लासचं. जी-कोड, म्हणजे मशिनला द्यायच्या आज्ञा, पंधरवड्यात पाठ होतात. जी झिरो-झिरो म्हणजे टूल फुल स्पीडनं धावतं आणि मध्ये चक आला तर काय होतं, हे हातानं लेथ चालवलेल्यालाच पोटातून कळतं. आधी हात, मग कोड.

तिसरा प्रश्न, मुलीचा. तुम्ही अवघडून विचारला आहे, मी सरळ सांगतो. शक्तीची बाब तितकी राहिलेली नाही. जड जॉब हॉइस्टनं उचलतात, उचलायलाच हवेत, पुरुषांनीही. सीएनसीचं दार बंद असतं. आमच्याकडं आज ग्राइंडिंग आणि तपासणीत मुली आहेत आणि मापाच्या कामात मला त्यांचा हात जास्त सावकाश, जास्त खात्रीचा वाटतो. एक मुलगी दोन वर्षांपूर्वी अप्रेंटिस म्हणून आली. पहिल्या आठवड्यात तिनं दहा रुपयांची वही आणली आणि सेटर जो जो ऑफसेट बदलेल तो लिहून ठेवायला लागली: वेळ, किती नगांनंतर, किती मायक्रॉन. महिन्याभरात तिनं सेटरलाच सांगितलं, दर साठ नगांनंतर तुम्ही पंधरा मायक्रॉन देता, मग आपण पन्नासाव्यालाच का नाही बघत? आज ती स्वतः सेटिंग करते.

त्रास वेगळ्याच गोष्टींचा असतो. आठ तास उभं राहणं. कूलंटनं हाताची साल निघणं. छोट्या वर्कशॉपमध्ये बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृहच नसणं. हे मी पगारापेक्षा वरचं मानतो, आणि मुलाखतीला गेल्यावर वडिलांनी लाज न बाळगता बघून यावं. पाळी कुठली, रात्री येण्याजाण्याची सोय काय, हेही. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, त्यामुळे प्रवेशाला तिला थोडा फायदाच आहे. पुण्यात औंधला मुलींची वेगळी शासकीय आयटीआय आहे, पण तिथं कोणते ट्रेड आहेत ते बघून मगच ठरवा. मशिनचं सोडून भलताच ट्रेड घ्यायला लागू नये.

आणि नातेवाईक. त्यांना एवढंच सांगा की पोरगी तंत्रनिकेतनात आहे. बाकीचं कळलं नाही तरी चालेल.

आता दोन शब्द थेट मुलीला. बाळ, तुला मुलाखतीत काय विचारतील ते आत्ताच सांगून ठेवतो. माझ्याकडं कुणी आलं की मी आधी प्रश्न विचारत नाही. टेबलावर एक व्हर्निअर (जबड्यांची मापपट्टी) आणि एक कातलेला तुकडा ठेवतो आणि म्हणतो, मोज. निम्मी पोरं थेट तुकडा जबड्यात धरतात आणि आकडा सांगतात. काही जण आधी जबडे पुसतात, बंद करतात, उजेडासमोर धरून फट दिसते का बघतात, शून्यावर शून्य येतं का बघतात, आणि मग मोजतात. दोन-तीन ठिकाणी मोजतात. त्यांचा आकडा चुकला तरी मी त्यांना घेतो. मामाकडं व्हर्निअर असेल. ०.०२ चा लघुत्तम माप असलेला, डिजिटल नको. रोज घरातली दहा भांडी मोज: पेल्याचा व्यास, वाटीची खोली, किल्लीची जाडी. वहीत लिही, दुसऱ्या दिवशी परत मोज, आणि फरक किती येतो ते बघ. फरक येणारच. तो का आला हे शोधत बसायला तुला आवडलं, तर तू ह्या धंद्यातली. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं, वडिलांचे पैसे वाचतील.

ड्रॉइंगचा तास बुडवू नकोस. आपल्याकडं दृश्यं मांडायची फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात. निर्यातीचं काम करणाऱ्या कारखान्यांत अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं, तिथं बाजूचं दृश्य उलट्या बाजूला काढलेलं असतं. कोपऱ्यातलं ते छोटं चिन्ह न बघता खाच चुकीच्या बाजूला मारलेले जॉब मी अजूनही दरवर्षी बघतो, आणि मारणारे बऱ्याचदा डिग्रीवाले असतात. आणि लेथवर कधीच हातमोजे घालायचे नाहीत. ओढणी नाही, बांगड्या नाहीत, केस टोपीत. मामा ओरडला नाही तरी तू तुझं पाळायचं.

पुन्हा वडिलांना. फॉर्म तिन्ही ठिकाणी भरा, फीचा प्रश्न फारसा नाही. शासकीय आयटीआयची फी अगदी कमी आहे. डिप्लोमाला घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ती मिळत नाही, आणि हे एजंट सांगत नाहीत. पुढं डिग्रीला गेली तर २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना त्याच ८ लाखांच्या अटीवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, तेही कॅपमधूनच. कागदांत लोक हमखास अडकतात ते दोन ठिकाणी. दाखल्यावर, आधारवर आणि मार्कशीटवर नावाचं स्पेलिंग एक नसतं, आणि उत्पन्नाचा किंवा नॉन क्रिमिलेअरचा दाखला मुदत संपलेला असतो. तहसीलला जून-जुलैत रांग लागते, त्याआधी जाऊन या.

ठरवण्याआधी एकदा तिला खरा शॉप फ्लोअर दाखवा. मामाचं वर्कशॉप घरचं आहे, तिथं सगळे लाड करतात. शिरवळला किंवा बारामती एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेलच. नसेल तर मला कळवा, मी इकडं सोय करतो. सकाळच्या पाळीत, साडेसहाला या, म्हणजे मशिन सुरू होतानाचं सेटिंग बघायला मिळेल. येताना तिला बंद बूट घालून आणा. चप्पल असेल तर गेटवरचा माणूस आत सोडत नाही.